टाके निघाल्यानंतरचे वर्ष

पोटाचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाच्या घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. शेजारच्या काकू मऊ भात घेऊन येतात, ऑफिसातले सहकारी फळांची पिशवी ठेवून जातात, पथ्य सांगणारे तर न बोलावता दहा जण भेटतात. चेहऱ्याच्या सुरकुत्यांसाठी, ओघळलेल्या गालांसाठी फेसलिफ्ट करून घेतलेल्या माणसाच्या वाट्याला यातले काही येत नाही. कारण बहुतेक वेळा कुणाला सांगितलेलेच नसते. ‘दाढेचे ऑपरेशन होते’, ‘बहिणीकडे गेले होते’ अशा सबबी आधीच तयार असतात. सगळे नीट पार पडले तर त्या खपूनही जातात. पण कानामागची त्वचा काळी पडली, हसताना खालच्या ओठाची एक बाजू हलेना, कानाची पाळी गालाकडे ओढली गेली, की ज्या गुप्ततेने सोय केली होती तीच अंगाशी येते. मदत कुणाकडे मागायची? आणि मागितली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कुणी सांगितले होते नसते उद्योग करायला?’

हा प्रश्न नातेवाईक विचारतात. दुर्दैवाने काही डॉक्टरही विचारतात. त्याचा परिणाम केवळ मन दुखावण्यापुरता राहत नाही. टोमणा ऐकावा लागेल या धास्तीने माणूस दवाखान्यात उशिरा जातो, आणि या शस्त्रक्रियेतल्या काही गुंतागुंतींमध्ये उशीर तासांत मोजावा लागतो. उलट बाजूही तितकीच खरी. जिथे महिनोन् महिने थांबायला हवे तिथे तोच माणूस घाबरून, आरशाला कंटाळून, भेटेल त्या सर्जनकडून दुसरी शस्त्रक्रिया लवकरात लवकर उरकू पाहतो. कधी धावायचे आणि कधी थांबायचे, हे नेमके उलटे होते. फेसलिफ्ट करावी की करू नये हा ज्याचा त्याचा प्रश्न. ती बिघडल्यानंतर काय करावे, हा मात्र आरोग्याचा प्रश्न आहे, आणि त्याविषयी मोकळेपणाने फार कमी बोलले जाते.

बिघडते काय, हे समजण्यासाठी आधी या शस्त्रक्रियेत होते काय ते पाहावे लागेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातले सर्जन कानापुढची त्वचा कापून, ताणून पुन्हा शिवत. परिणाम काही महिने टिके. कारण त्वचा लवचिक असते, ताणली की पुन्हा सैलावते. १९६८ मध्ये स्वीडनच्या टॉर्ड स्कूग यांनी त्वचेखालचा थर उचलण्याची पद्धत मांडली. १९७६ मध्ये फ्रान्सच्या मिट्झ आणि पेरोनी यांनी चेहऱ्याच्या स्नायूंना जोडणाऱ्या या तंतुमय पडद्याचे नीट वर्णन केले. त्याला ‘स्मास’ म्हणतात. तेव्हापासून ओढ या आतल्या पडद्याने घ्यायची आणि वरची त्वचा त्यावर नुसती सैलसर अंथरायची, हे तत्त्व झाले. १९९० मध्ये अमेरिकेतील सॅम हॅम्रा यांनी आणखी खोल जाणारी ‘डीप प्लेन’ पद्धत प्रसिद्ध केली. आज जाहिरातींत हे शब्द साबणाच्या नावांसारखे वापरले जातात. ‘मिनी’, ‘वीकेंड’, ‘डीप’ असे प्रकार सांगितले जातात, पण त्यातला अर्थ एवढाच असतो की ताण कुठल्या थराने सोसायचा आणि सर्जनची कात्री कुठल्या खोलीवर चालायची. ताण त्वचेवर टाकला तर वण रुंदावतात, कानाची पाळी ओढली जाते. खोल गेले तर चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस जवळ येते. कानापुढच्या लाळग्रंथीतून निघून पाच शाखांत पसरणारी ही नस म्हणजे माणसाचे हसणे, भुवई उंचावणे आणि डोळा मिटणे. पद्धत कोणतीही निवडा, जोखीम नाहीशी होत नाही. ती जागा बदलते.

सर्वांत जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे त्वचेखाली रक्त साचणे, डॉक्टरांच्या भाषेत हेमाटोमा. शस्त्रक्रियाशास्त्रातल्या वेगवेगळ्या नोंदींत तिचे प्रमाण साधारण शंभरात एक ते आठ असे सापडते. पुरुषांत ते जास्त असते, कारण दाढीच्या त्वचेला रक्तपुरवठा अधिक. बहुतेक वेळा हे पहिल्या चोवीस तासांत घडते आणि त्यामागे सर्वांत मोठा हात वाढलेल्या रक्तदाबाचा असतो. भूल उतरताना आलेली उलटी, खोकला, तुंबलेली लघवी, वेदनेने वाढलेला दाब एवढेही पुरते. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील आणि ती सर्जनला सांगितली नसतील तर धोका वाढतो. लसणाच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई यांना लोक औषध समजत नाहीत. त्यामुळे ‘कोणती औषधे घेता’ या प्रश्नाच्या उत्तरात त्या येतच नाहीत.

ओळखायचे कसे? दोन्ही गालांना सूज येणार हे ठरलेले आहे. पण एकाच बाजूची सूज तासातासाने वाढत असेल, ती बाजू टणक आणि ताठ लागत असेल, आणि गोळी घेऊनही त्या बाजूचे दुखणे वाढतच असेल, तर ती वेळ वेदनाशामकाची आणखी एक गोळी घेऊन झोपण्याची नव्हे. रात्रीचे दोन वाजले असले तरी सर्जनला फोन करण्याची आहे. साचलेल्या रक्ताचा दाब वर उचललेल्या त्वचेचा रक्तपुरवठा तोडतो. मोठी गाठ असेल तर टाके उघडून रक्त काढावे लागते, आणि वेळेत काढले तर शेवटच्या निकालात सहसा फरकही पडत नाही. मानेत गाठ वाढून श्वासाला अडथळा आला तर प्रश्न चेहऱ्याचा राहतच नाही. लहान गाठ असेल तर काही दिवसांनी ती पातळ होते आणि सुईने ओढून काढता येते. तीच आत राहिली तर तिथली त्वचा गाठाळ लागते, वर आखडलेली दिसते आणि रंग महिनोन् महिने गडद राहतो.

दुसरी गुंतागुंत दिसायला सर्वांत भयानक आणि उपचाराला सर्वांत संथ. त्वचेचा काही भाग रक्ताअभावी मरतो. बहुधा कानामागे, कारण रक्तपुरवठ्याच्या दृष्टीने ते पाण्याच्या चारीचे शेवटचे टोक असते. आधी जांभळट, मग काळी खपली. यात तंबाखूचा वाटा इतका स्पष्ट आहे की न्यूयॉर्कच्या थॉमस रीस आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांत त्वचा सुटण्याचा धोका सुमारे बारापट आढळला होता. म्हणून सर्जन शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर काही आठवडे सिगारेट बंद करायला सांगतात. आपल्याकडे मात्र प्रश्न अर्धाच विचारला जातो. रोज सकाळी मिश्री लावणाऱ्या बाईला ‘सिगारेट ओढता का?’ असे विचारले तर ती नाही म्हणेल, आणि ते खरेच असेल. रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या निकोटीनला मात्र ते धुरातून आले की हिरडीतून याच्याशी देणेघेणे नसते. मधुमेह ताब्यात नसेल तर यात भर पडते.

काळी खपली दिसली की घरच्यांना वाटते, हे ताबडतोब कापून काढायला हवे. नातेवाईकांचा दबाव असतो, ‘काहीतरी करा’. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उत्तम उपचार म्हणजे फार काही न करणे. जखम स्वच्छ ठेवायची, मलम आणि ड्रेसिंग नियमित करायचे, पू किंवा ताप येतो का यावर लक्ष ठेवायचे आणि कडांकडून नवी त्वचा सरकत येण्याची वाट पाहायची. लगेच कापून, आजूबाजूची त्वचा पुन्हा ताणून शिवली तर जो ताण मूळ कारण होता तोच दुप्पट होतो. कानामागची जखम भरायला आठवडे लागतात, पण उरणारा वण पहिल्या महिन्यात वाटतो त्यापेक्षा पुष्कळ लहान असतो. या काळात हळद-साय, कोरफडीचा गर, पार्लरमधला ‘स्किन रिपेअर’ मसाज यातले काहीही उघड्या जखमेवर जाता कामा नये. घरगुती उपायांचा द्वेष करण्याचे कारण नाही. पण जंतुसंसर्गाने ती जखम खोल गेली तर पुढची दुरुस्ती कठीण होते.

मग येतो नसांचा विषय. तो सर्वांत जास्त घाबरवणारा, आणि बहुतेकांच्या बाबतीत आपोआप सुटणाराही. यात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक नस संवेदनेची. मानेच्या बाजूने वर चढून कानाच्या पाळीपर्यंत जाणारी ही नस फेसलिफ्टमध्ये सर्वांत जास्त वेळा दुखावते. परिणाम म्हणजे कुडी घालताना पाळी बधिर लागते, फोन कानाला लावला तर स्पर्श कळत नाही. त्वचा उचलल्यामुळे गालावर आणि कानापुढे येणारा बधिरपणा मात्र जवळपास सगळ्यांनाच येतो आणि काही महिन्यांत ओसरतो. त्या काळात दाढी करताना कापणे, गरम शेक देताना भाजणे असे अपघात होतात. त्वचेला कळत नसल्यामुळे गरम पाण्याची पिशवी चेहऱ्यापासून लांब ठेवलेली बरी.

दुसरी नस हालचालीची. ऑपरेशनच्या दिवशी ओठ वाकडा दिसला तर बहुधा सुन्न करणाऱ्या इंजेक्शनचा परिणाम असतो आणि काही तासांत जातो. ताण, उष्णता किंवा सुजेमुळे नस सुस्त झाली असेल तर हालचाल काही आठवड्यांत ते काही महिन्यांत परतते. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, हे गणित लक्षात ठेवले तर महिने का लागतात ते कळते. गालातल्या शाखा एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे तिथली इजा अनेकदा लक्षातही येत नाही. भुवईकडे जाणारी आणि जबड्याच्या कडेने जाणारी या दोन शाखांना मात्र असा शेजार कमी, म्हणून तिथली इजा दिसते आणि टिकूही शकते. कायमचे नुकसान शंभरात एकापेक्षा कमी जणांना होते. इथे एक फसवा प्रकारही आहे. मानेतल्या पातळ स्नायूची नस दुखावली तर दात दाखवून हसताना खालचा ओठ एका बाजूने नीट उतरत नाही आणि जबड्याची शाखाच गेली असे वाटते. पण ओठ बाहेर मुडपता येत असेल तर ती शाखा शाबूत आहे आणि हसू परतण्याची शक्यता चांगली आहे. साधी तपासणी, पण ती न करता रुग्णाला ‘नस गेली’ असे सांगून मोकळे होणारेही असतात.

वाट पाहण्याच्या या काळात करण्यासारखे काही नाही असे नव्हे. ओठाच्या निरोगी बाजूला बोटॉक्सची अल्प मात्रा दिली तर दोन्ही बाजू सारख्या दिसतात. दुखावलेली नस सावरेपर्यंत औषधाचा परिणामही ओसरतो. डोळा पूर्ण मिटत नसेल तर मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. थेंब, मलम आणि रात्री पापणीवर पट्टी यांत हयगय झाली तर बुबुळाला इजा होते. नस प्रत्यक्ष कापली गेल्याची शंका सर्जनला असेल तर पहिले काही दिवस मोलाचे असतात, कारण तुटलेली टोके शोधून जोडणे तेव्हाच सोपे जाते.

लाळेची गळती हा विरळा पण चमत्कारिक प्रकार. जेवायला बसले, लोणच्याचा घास घेतला की गालावर फुगवटा वाढतो, कधी टाक्यांतून पाण्यासारखा द्रव येतो. लाळग्रंथीला धक्का लागल्याची ती खूण. द्रव काढणे, दाबपट्टी आणि गरज पडल्यास ग्रंथीत बोटॉक्स देणे यांनी बहुतेकांचे भागते. आंबट तेवढे काही दिवस बंद.

या सगळ्यातून माणूस सावरत असताना आरसा मात्र रोज समोर असतो, आणि तो खोटे बोलतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. काळेनिळे डाग साधारण दोन आठवड्यांत उतरतात, पण डाव्या आणि उजव्या बाजूची सूज एकाच वेगाने उतरत नाही. पहिल्या काही आठवड्यांत आपला चेहरा अनोळखी वाटणे, रडू येणे, ‘हे काय करून बसलो’ असे वाटणे हे इतके नेहमीचे आहे की शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीत ते सांगायलाच हवे. बारीक सूज जायला तीन-चार महिने, वण लाल आणि टणक राहणे ओसरायला बारा ते अठरा महिने. तिसऱ्या आठवड्यात काढलेल्या सेल्फीवरून शस्त्रक्रिया फसली असा निकाल देणे म्हणजे ओल्या भिंतीवरच्या रंगाची छटा ठरवण्यासारखे आहे. तरीही नेमक्या याच काळात दुरुस्तीच्या सल्ल्यांचा मारा सुरू होतो. खड्डा दिसतो तिथे फिलर, सैल वाटते तिथे धागे. सुजलेल्या, रक्तपुरवठा अजून बसायचा असलेल्या ऊतींत फिलर टोचणे धोक्याचे आहे. ते रक्तवाहिनीत शिरले तर त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते. हायलुरॉनिक आम्लाचा फिलर विरघळवता येतो, इतर सगळे येत नाहीत. धाग्यांमुळे पुढच्या सर्जनला ऊतींचे थर वेगळे करणे अवघड होते. महिन्याभराचे समाधान मिळवून वर्षभरानंतरची दुरुस्ती महाग करून ठेवण्याचा हा व्यवहार आहे.

मग खरी दुरुस्ती कधी आणि कसली? सर्वसाधारण नियम सहा महिने ते एक वर्ष थांबण्याचा. पण तो सगळ्याला सारखा लागू नाही. वण जाड होऊ लागले तर थांबणे चूक ठरते. भारतीय त्वचेत जाड वण आणि केलॉइड यांची प्रवृत्ती गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असते. कानामागची जागा तर त्यासाठी कुख्यातच. छातीवर, खांद्यावर किंवा कान टोचल्याच्या जागी पूर्वी गाठ आली असेल तर ते आधीच सांगायला हवे होते. नसेल सांगितले तर आता सांगावे. सिलिकॉनची पट्टी किंवा जेल आणि काही आठवड्यांच्या अंतराने वणात स्टेरॉइडची इंजेक्शने हे उपचार पहिल्या काही महिन्यांतच सुरू करायचे असतात. डागांसाठी लेझर घेताना मात्र सावध राहावे. गव्हाळ, सावळ्या त्वचेवर चुकीच्या मात्रेने नवे डाग उठतात. ऊन टाळणे आणि सनस्क्रीन हे कंटाळवाणे उत्तर इथे जास्त उपयोगी आहे.

ओढलेली कानाची पाळी ही फसलेल्या फेसलिफ्टची सर्वांत ओळखीची खूण. पाळी गालात वितळून गेल्यासारखी दिसते. तिची दुरुस्ती तुलनेने सोपी. पाळी सोडवून, वर बसवून, खालची त्वचा ताण न देता शिवायची. सहसा जागा सुन्न करून होते. पण त्वचेतला ताण ओसरण्याआधी केली तर ती पुन्हा खाली उतरते, म्हणून सहा महिने तरी थांबायचे. कल्ल्याचे केस वर सरकले किंवा कानामागच्या केसांच्या रेषेत पायरी पडली तर काही वेळा वण बदलून, काही वेळा केस रोपून झाकता येते. पण केस गळणे धक्क्याने झालेले असेल तर ते काही महिन्यांत परत उगवतात. तोवर रोपण करू नये. गालावरचे खड्डे, आडव्या रेषा यांसाठी पोटाची किंवा मांडीची चरबी थोडी थोडी भरतात. त्यातली काही शरीर शोषून घेते आणि म्हणून दुसरी फेरी लागू शकते, हे आधी ऐकलेले बरे.

वाऱ्यात तोंड करून उभे राहिल्यासारखा ओढलेला चेहरा ही त्याहून अवघड गोष्ट. ओढ चुकीच्या दिशेने, मागे आणि बाजूला, दिलेली असते. अनुभवी सर्जन पुन्हा आत जाऊन, आतला थर सोडवून तो वरच्या दिशेने बसवू शकतो. पण जुन्या वणांमुळे थर चिकटलेले असतात, नसेची ओळखीची खूण पुसलेली असते आणि एकदा कापून टाकलेली त्वचा परत मिळत नाही. म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियेत पहिल्यापेक्षा मोठे वचन देणाऱ्याकडून उठून यावे हे उत्तम. पुढच्या आठवड्याची तारीख देणाऱ्याकडूनही, आणि आधीच्या सर्जनला तासभर शिव्या घालणाऱ्याकडूनही. चांगला सर्जन अशा वेळी आधी कागद मागतो : कोणता थर उचलला होता, कोणते टाके, काय काढले.

हे कागद मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमावलीनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. पहिल्याच सर्जनकडे परत जाणे अनेकांना अपमानाचे वाटते, पण आत काय केले हे त्यालाच ठाऊक असते आणि पहिल्या काही आठवड्यांत त्याच्याइतका उपयोगी दुसरा कुणी नसतो. दुसरे मत घेणे म्हणजे त्याच्याशी भांडण नव्हे. दुसरे मत देणाऱ्याची पदवी मात्र नीट पाहावी. भिंतीवरच्या ‘कॉस्मेटॉलॉजी’च्या प्रमाणपत्रांपेक्षा प्लॅस्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी पाहावी, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी तपासावी. नुसते व्हिडिओ पाहून किंवा कार्यशाळेला हजर राहून सौंदर्यशस्त्रक्रिया करता येत नाहीत, हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२२ मध्ये लेखी सांगावे लागले, यातच परिस्थिती आली.

पैशांचा प्रश्न याहून कडवट. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियांना आरोग्यविमा सहसा लागू नसतो आणि त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतींवरूनही कंपनी हात झटकते. दुरुस्तीचा खर्च कोण करणार, भूलतज्ज्ञाचे आणि ऑपरेशन थिएटरचे पैसे कोण भरणार, हे पहिल्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर लिहिलेले असायला हवे. फारच कमी ठिकाणी असते. निष्काळजीपणा झाला असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले. प्रत्येक गुंतागुंत म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हेही खरे. पण इथे एक अडचण आहे, जिच्याकडे ना डॉक्टरांचे लक्ष असते ना रुग्णांचे. तक्रारीची मुदत दोन वर्षांची. वण पिकण्याची वाट पाहण्यातच त्यातले दीड वर्ष जाते. ‘थांबा, बरे होईल’ हा योग्य वैद्यकीय सल्ला कायद्याच्या घड्याळात रुग्णाच्या विरुद्ध चालतो. म्हणून थांबावे, पण तारखेसह फोटो, बिले, औषधांच्या चिठ्ठ्या आणि प्रत्येक भेटीची नोंद पहिल्या दिवसापासून जपून.

दवाखान्यांनाही मागण्यासारखे काही आहे. रात्री उचलला जाणारा फोन, गाठ झाली तर तासाभरात उघडता येईल असे थिएटर, आणि घरी सोडताना मराठीत छापलेला एक कागद, ज्यावर कोणती लक्षणे दिसली की लगेच यायचे ते लिहिलेले असेल. सुट्टीत अमेरिकेहून, आखातातून पुण्या-मुंबईला येणाऱ्या, लग्नसराई आणि शस्त्रक्रिया एकाच फेरीत उरकणाऱ्या मंडळींना दहाव्या दिवशी विमानात बसवून देऊ नये. पुढची गुंतागुंत कोण पाहणार, हे नाव-पत्त्यासह ठरल्याशिवाय तर नाहीच.

राहता राहिला तो ‘नसते उद्योग’वाला प्रश्न. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचे वर्णन छापून आले. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या त्वचेचे नवे नाक बसवल्याचा तो वृत्तान्त. युरोपातल्या प्लॅस्टिक सर्जरीने त्यापासून धडा घेतला. कावसजीला नवे नाक श्वास घेण्यासाठी लागले नव्हते. लोकांत तोंड दाखवता यावे म्हणून लागले होते. पुढे मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोगाने विद्रूप झालेले चेहरे दुरुस्त केले, तेही याचसाठी. पहिली फेसलिफ्ट हौसेची असेल, नसेल. पण ओढलेली पाळी, वाकडे हसू आणि काळा वण घेऊन ज्याला बाहेर पडावे लागते, त्याची दुरुस्ती कावसजीच्या नाकाच्याच रांगेत बसते. तपासणाऱ्या डॉक्टरने आधी विचारायचे ते ‘केव्हापासून दुखते आहे?’ एवढेच.

दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेनंतरही सूज तिसऱ्या दिवशी वाढतेच, रक्तदाब पुन्हा मोजावा लागतो, आणि मोठी शस्त्रक्रिया असेल तर पहिल्या रात्री दर काही तासांनी दोन्ही गाल पाहून फरक सांगणारे कुणीतरी खोलीत असावे लागते. स्वतःला तो फरक कळत नाही. बधिर झालेला गाल सांगत नाही. तेव्हा बहिणीकडे गेल्याची सबब इतरांना सांगायची असेल तर खुशाल सांगावी, पण निदान त्या बहिणीला तरी खरे काय ते सांगून ठेवावे आणि त्या रात्री तिलाच सोबतीला बोलवावे.